सागाचे ओंडके, सितांगचा पूर आणि रत्नागिरीचा राजा

गिरगावातील एखादी जुनी चाळ किंवा पुण्याच्या पेठेतील एखादा वाडा पाडायला काढला, की विटा-मातीला कोणी फारसे विचारत नाही. भाव ठरतो तो तुळया, खांब आणि जिन्याच्या कठड्यांचा. जुन्या लाकडाचा व्यापारी काळवंडलेल्या तुळईचा एक कोपरा तासून पाहतो, आतून सोनेरी-तपकिरी रंग आणि तेलकट वास आला की समाधानाने मान डोलावतो आणि म्हणतो, ‘बर्मा टीक आहे.’ शंभर वर्षे पाऊस, वाळवी आणि भाडेकरूंच्या पिढ्या सोसूनही हे लाकूड पुन्हा रंधा मारून नव्या घरात जायला तयार असते.

हे लाकूड ब्रह्मदेशातून आले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ते जंगलातून बंदरापर्यंत कसे आले, याचा विचार क्वचितच होतो. रस्ते नव्हते आणि डोंगरात रेल्वे नव्हती. एकेक ओंडका दोन-तीन टन वजनाचा. तो आला नदीतून, स्वतः तरंगत, पुराच्या पाण्याबरोबर. या व्यापारातील सर्वांत मोठी कंपनी उभी केली ती एका स्कॉटिश कुटुंबाने आणि तीही आपल्या मुंबईत. या कंपनीने नदीत सोडलेल्या ओंडक्यांच्या मोजणीवरून १८८५ साली एक वाद उभा राहिला, आणि त्या वादाचा शेवट रत्नागिरीत येऊन झाला. थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना या नदीची आठवण होते.

न तरंगणारे लाकूड

सागाची पहिली अडचण अशी, की तो ओला असताना पाण्यात बुडतो. नुकताच तोडलेला साग नदीत टाकला तर तळाशी जातो. म्हणून ब्रह्मदेशात झाड तोडण्याआधी ते उभ्यानेच मारावे लागे. बुंध्याभोवती साल आणि तिच्या आतील कोवळे लाकूड कापून, गाभ्यापर्यंत पोहोचणारा एक पट्टा काढला जाई. मुळांकडून वर जाणारा रस थांबला की झाड हळूहळू वाळत जाई. असे दोन-तीन वर्षे उभे वाळलेले झाड मग तोडायचे. तोपर्यंत ते इतके हलके झालेले असे की पाण्यावर सहज तरंगे.

यानंतरचे काम हत्तींचे. जंगलातील हत्ती आणि त्यांचे माहूत हे या धंद्याचे खरे बळ होते. साखळ्यांनी बांधलेला ओंडका हत्ती डोंगरउतारावरून ओढत जवळच्या ओढ्यापर्यंत आणत. हे ओढे बरेच महिने कोरडेच असत. त्यांच्या पात्रात ओंडके मांडून ठेवायचे आणि पावसाची वाट पाहायची. कडक उन्हाळ्याचे महिने हत्तींच्या विश्रांतीचे. पावसाळा सुरू झाला की डोंगरात एका रात्रीत पाणी चढे, आणि शेकडो ओंडके एकमेकांवर आदळत खाली धावू लागत. एखाद्या वळणावर किंवा खडकाशी ते अडकले, की मागून येणारे त्यांच्यावर चढत आणि पाहता पाहता पात्रात लाकडाचे धरण तयार होई. ते फोडायलाही हत्तीच लागत. कोणता ओंडका ओढला की बाकीचे सुटतील, हे अनुभवी हत्तीला माहुताने सांगावे लागत नसे, असे या जंगलांत काम केलेल्या लोकांनी लिहून ठेवले आहे. पुढून ओंडके आणि मागून पाणी, अशा जागी उभे राहून हे काम करताना हत्तीलाही आणि माणसालाही जिवाचा धोका असे.

मोठ्या नदीला लागल्यावर ओंडके अडवून वेताच्या दोरांनी बांधले जात. शंभराहून अधिक ओंडक्यांचे असे लांबलचक तराफे तयार होत. त्यावर बांबूची एक झोपडी, आत तराफेकऱ्यांचा संसार. इरावतीवरून रंगूनला, साल्वीनवरून मौलमीनला, असा त्यांचा कित्येक आठवड्यांचा प्रवास चाले. बंदराजवळच्या गिरण्यांत ओंडके चिरले जात आणि तेथून जहाजाने मुंबई, कोलकाता किंवा लंडनकडे निघत.

या सगळ्यात वेळ किती जाई, हे लक्षात घेतले की या धंद्याचे गणित उलगडते. झाड वाळवण्यात दोन-तीन वर्षे. तोडणी आणि ओढणीत आणखी एक-दोन हंगाम. त्यात एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला, तर ओंडके ओढ्यातच रुतून बसत आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत हलत नसत. म्हणजे आज गुंतवलेला पैसा हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे सहज उलटत, कधी त्याहूनही जास्त. लहान व्यापाऱ्याला एवढा काळ तग धरणे अवघड होते. या नद्यांवर तोच टिकणार होता, ज्याच्या पाठीशी दीर्घकाळ थांबू शकणारे भांडवल होते.

वॉलेस बंधूंची पेढी

असे भांडवल ज्यांच्याकडे होते, त्यांत एडिंबरोचे वॉलेस बंधू अग्रभागी होते. हे सहा भाऊ. १८४८ साली त्यांची भागीदारी पेढी मुंबईत व्यापार करू लागली. १८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात ब्रह्मदेशाचा दक्षिण भाग कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि रंगून बंदर इंग्रजी व्यापाराला खुले झाले. त्यापाठोपाठ १८५० च्या दशकाच्या मध्यास वॉलेस कुटुंबाचा व्यवसाय रंगूनला पोहोचला.

मुंबईला सागाची ओढ जुनीच होती. लवजी नसरवानजी वाडिया अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने येथील गोदीत जहाजे बांधली, ती मलबारच्या सागाची. १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश नौदलाचे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. पण एवढ्या तोडीला मलबारची जंगले पुरणार नव्हती. १८४० च्या दशकात तेथील कलेक्टर कॉनोली यांना निलांबूर येथे सागाची मुद्दाम लागवड सुरू करावी लागली, ती याच टंचाईमुळे. ब्रह्मदेशातही मौलमीनच्या परिसरातील जंगले इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर काही दशकांतच विरळ झाली. व्यापाऱ्यांची नजर मग अधिक उत्तरेकडे, डोंगरांत आणि अखेरीस ब्रह्मी राजाच्या हद्दीतील जंगलांकडे वळली.

१८६३ साली वॉलेस कुटुंबाच्या ब्रह्मदेशातील व्यवसायाचे कंपनीत रूपांतर झाले. तिचे नाव ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले होते आणि मुंबईत पैशाला पूर आला होता. नव्या कंपनीत मुंबईच्या भारतीय व्यापाऱ्यांनीही भाग घेतले, मात्र सूत्रे वॉलेस कुटुंबाकडेच राहिली. भारतात रेल्वे पसरत होती, गोद्या, गिरण्या आणि नवी घरे बांधली जात होती. सागाला गिऱ्हाईक शोधण्याची गरजच नव्हती. १८७० च्या दशकात ही कंपनी सागाच्या व्यापारात आघाडीवर पोहोचली.

इंग्रजी हद्दीत तोवर सरकारचे नियंत्रण आले होते. १८५६ मध्ये पेगूच्या जंगलांवर नेमलेले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रँडिस यांनी ठराविक घेराहून लहान झाड तोडू नये, कोणते झाड मारायचे ते वनखात्याने ठरवावे, अशी पद्धत घालून दिली. हेच ब्रँडिस १८६४ साली भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. पण सीमेपलीकडे, राजाच्या मुलखात, कंपनीचा संबंध थेट मंडालेच्या दरबाराशी होता. तेथे साग ही राजाची मालमत्ता मानली जाई आणि तोडीचे पट्टे दरबाराकडून घ्यावे लागत.

ओंडक्यांचा हिशेब

वाद उद्भवला तो निंग्यान भागातील जंगलांवरून. निंग्यान म्हणजे आजचे प्यिनमना. २००५ मध्ये म्यानमारच्या लष्करी राजवटीने आपली राजधानी रंगूनहून हलवली, ती याच गावाशेजारी वसवलेल्या नेप्यिडॉ येथे. या जंगलांतील लाकूड सितांग नदीत सोडले जाई. नदी दक्षिणेकडे वाहत, राजाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या तौंगू ठाण्याजवळ येई. म्हणजे झाड राजाच्या जमिनीवर वाढले, पण ओंडके मोजण्याची सोयीची जागा मात्र इंग्रजांच्या ताब्यात होती.

ओंडक्यांवर मालकीची खूण हातोड्याने ठोकलेली असे. हजारो ओंडके एकाच पाण्यात वाहत असताना कोणाचा कोणता, हे सांगणारी तेवढीच निशाणी. पैसे द्यायचे ते दोन प्रकारच्या करारांनुसार. पूर्ण आकाराच्या चांगल्या ओंडक्यांवर नगाप्रमाणे आकार आणि लहान किंवा हलक्या प्रतीच्या मालासाठी ठोक रक्कम. वादाचे बी या दुहेरी पद्धतीतच होते. एखादा ओंडका पहिल्या प्रकारात धरायचा की दुसऱ्या, यावर मोठ्या रकमा अवलंबून होत्या. आणि हे ठरवायचे होते पुराच्या पाण्यात, दोन राज्यांच्या सीमेवर, ज्यांना पैसे चारता येतील अशा कारकुनांच्या हातून.

१८८५ साली मंडालेच्या दरबाराने कंपनीवर आरोप ठेवला, की तिने सुमारे ८० हजार ओंडके बाहेर नेले आणि पैसे भरले ते सुमारे ३० हजारांचेच. राजाच्या अधिकाऱ्यांना लाच दिली आणि स्थानिक लाकूडतोड्यांचे पैसेही बुडवले. राजाच्या मंत्रिमंडळाने, म्हणजे ह्लुतडॉने, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निकाल दिला. थकबाकी आणि दंड मिळून सुमारे २३ लाख रुपयांची वसुली ठरली. त्या काळच्या रुपयात ही रक्कम प्रचंड होती.

कंपनीने आरोप फेटाळले. तिचे म्हणणे असे, की दरबार मोजत असलेले बरेचसे ओंडके ठोक रकमेच्या करारात आधीच आलेले आहेत. निकाल देताना आपली बाजू नीट ऐकून घेतली नाही, अशीही तिची तक्रार होती. दरबाराची बाजू अशी, की आपल्या राज्यात आपल्याशी केलेल्या कराराचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्या न्यायसभेला आहे. मोजणीचा तपशील पाहिला तर दोन्ही बाजूंना काही ना काही आधार सापडतो. सामान्य काळात अशा वादात तडजोड झाली असती, रक्कम कमी झाली असती आणि पुढच्या पावसाळ्यात ओंडके पुन्हा वाहू लागले असते.

पण तो सामान्य काळ नव्हता. जानेवारी १८८५ मध्ये ब्रह्मदेशाने फ्रान्सशी करार केला होता. मंडालेत फ्रेंच वकील येऊन दाखल झाला होता. फ्रेंच भांडवलाने रेल्वे आणि बँक निघणार, कंपनीचे जंगलपट्टेही फ्रेंचांकडे जाणार, अशा वार्ता रंगूनला पोहोचत होत्या. त्या पोहोचवणाऱ्यांत मंडालेतील इटलीचा वकील आंद्रेइनो हा एक होता, आणि हाच गृहस्थ बॉम्बे बर्मा कंपनीचा मंडालेतील प्रतिनिधीही होता. रंगूनच्या इंग्रज व्यापाऱ्यांना उत्तर ब्रह्मदेश आणि तेथून चीनकडे जाणारा मार्ग हवाच होता. लंडनमध्ये लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल भारतमंत्री होते आणि कलकत्त्यात लॉर्ड डफरिन व्हाइसरॉय. ओंडक्यांचा वाद त्यांच्या हाती आयताच आला.

मंडाले ते रत्नागिरी

२२ ऑक्टोबर १८८५ रोजी थिबा राजाला निर्वाणीचा खलिता धाडण्यात आला. इंग्रजांचा प्रतिनिधी मंडालेत स्वीकारावा. तो येईपर्यंत कंपनीविरुद्धची कारवाई थांबवावी. परराष्ट्र व्यवहार भारत सरकारच्या सल्ल्याने चालवावेत. चीनशी व्यापाराला वाट द्यावी. कंपनीच्या दंडाची बाब यात एकच होती, बाकीच्या मागण्या राज्याच्या स्वातंत्र्यावरच घाला घालणाऱ्या होत्या. उत्तरासाठी १० नोव्हेंबरपर्यंतची मुदत होती. उत्तर समाधानकारक नाही असे ठरवून नोव्हेंबरच्या मध्यास जनरल प्रेंडरगास्ट यांची फौज आगबोटींतून इरावतीने वर निघाली. २८ नोव्हेंबरला मंडाले पडले. दुसऱ्या दिवशी राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना नदीकाठी नेऊन बोटीवर चढवण्यात आले. मोहीम दोन आठवड्यांत संपली. ब्रह्मी लोकांचा विरोध मात्र पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला.

१ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याची घोषणा झाली. राजाला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस होते. रत्नागिरीच का? ब्रह्मदेशापासून दूर, आडमार्गाला, रेल्वे नसलेले आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद होणारे हे गाव होते. राजकैद्यासाठी याहून सोयीची जागा नव्हती. आरंभीची अनेक वर्षे राजा भाड्याच्या बंगल्यांत राहिला. आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. त्यात जेमतेम सहा वर्षे राहून डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येचा वंश मात्र रत्नागिरीतच राहिला आणि तेथील मराठी बोलणाऱ्या समाजात मिसळून गेला.

मराठी वाचकाला यात आणखी एक योगायोग जाणवल्यावाचून राहत नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली आणि १९१४ पर्यंत त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवले गेले. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, अशी सहा वर्षे एकाच वेळी गेली. एका सरकारच्या सोयीच्या दोन टोकांना ही दोन गावे बांधली गेली होती.

केवळ सागासाठी हे युद्ध झाले का? इतिहासकारांत यावर मतभेद आहेत. फ्रेंचांची धास्ती हे मुख्य कारण आणि कंपनीचा दंड हे निमित्त, असे काही जण मानतात. व्यापारी हितसंबंधांनीच सरकारला पुढे ढकलले, असे इतरांचे म्हणणे. एवढे मात्र निश्चित, की दंडाचा निकाल मंडालेत लागला आणि त्यावरचे अपील तोफा घेऊन आले. राजाची मोजणी बरोबर होती की कंपनीची, हा प्रश्न राज्यच न उरल्याने निकालात निघाला. लाभ कोणाला झाला, हेही स्पष्ट आहे. सामिलीकरणानंतर उत्तरेतील जंगलांचे मोठे पट्टे बॉम्बे बर्मा कंपनीला मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातील सागाचा बहुतांश व्यापार पाच युरोपीय कंपन्यांच्या हाती होता आणि त्यांत ही अग्रणी होती. ब्रह्मी लाकूड व्यापाऱ्यांसाठी उरले ते किरकोळ पट्टे.

पूर ओसरल्यावर

१९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या आणि हा सगळा डोलारा कोसळला. १९२० पासून कंपनीच्या नोकरीत असलेले जे. एच. विल्यम्स यांनी हत्तींना घेऊन डोंगर ओलांडून आसाम गाठला, ती कथा त्यांच्या ‘एलिफंट बिल’ या १९५० च्या पुस्तकामुळे जगभर पोहोचली. युद्धानंतर कंपनीला पूर्वीचे दिवस लाभले नाहीत. जानेवारी १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारने सागाची जंगले लगेच राष्ट्राच्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. राजाकडून गेलेले झाड साठ-बासष्ट वर्षांनी पुन्हा त्या देशाच्या मालकीचे झाले.

पुढे त्याचे भले झाले असे नाही. लष्करी राजवटीत सागाची तोड बेसुमार वाढली. जंगले झपाट्याने घटल्यावर १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने अखंड ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील सरकारी लाकूड उपक्रमावर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने निर्बंध लादले. सागाचा पैसा कोणाच्या हाती जातो, हा १८८५ चा प्रश्न वेगळ्या रूपात अजून शिल्लक आहे.

वॉलेस कुटुंबाची लंडनमधील पेढी १९७० च्या दशकात अडचणीत येऊन दुसऱ्या बँकेत विलीन झाली. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन मात्र मुंबईत अजून आहे. ब्रह्मदेशाचे जंगल सुटल्यावर तिने दक्षिण भारतातील चहा-कॉफीच्या मळ्यांवर भर दिला. आज ती वाडिया समूहाचा भाग आहे. मलबारच्या सागातून जहाजे घडवणाऱ्या लवजींच्या घराण्याकडेच ब्रह्मदेशाच्या सागावर वाढलेली ही कंपनी आली, आणि ब्रिटानिया बिस्किटांच्या उद्योगाची सूत्रेही तिच्यामार्फत याच समूहाकडे आहेत. तिच्या नावातील ‘बर्मा’ तेवढा जुन्या दिवसांची खूण म्हणून उरला आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि त्यांनी थिबाच्या समाधीला वंदन केले. एका देशाचा प्रमुख आपल्या देशाच्या शेवटच्या राजाला भेटायला कोकणात आला, याचे अनेकांना तेव्हा नवल वाटले होते. नवल वाटायचे कारण एवढेच, की या कहाणीची सुरुवात आपल्या नजरेआड राहिली आहे. ती सितांगच्या पुरात आहे, हातोड्याने ठोकलेल्या खुणांत आहे आणि मुंबईतील एका पेढीच्या हिशेबवह्यांत आहे.

जुनी तुळई विकत घेताना व्यापारी तिची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून घनफुटाचा भाव सांगतो. ग्राहक पुन्हा मोजून पाहतो, घासाघीस होते आणि दोघेही समाधानाने घरी जातात. दोघांच्या हातातली मोजपट्टी सारखीच असते, म्हणून हे शक्य होते. मंडालेच्या दरबाराच्या हातात ती नव्हती.